मामाच्या ट्रंकेतलं पॅराट्रूपरचं जॅकेट आणि बिल्ले: खरं काय, नंतरचं काय?

ट्रंकवाली

नमस्कार. मी संग्राहक नाही, पण ज्याच्यासाठी विचारतेय तो होता. माझा मामा मर्चंट नेव्हीत इलेक्ट्रिशियन. सत्तावीस वर्षं बोटीवर काढली, लग्न केलं नाही. दोन महिन्यांपूर्वी तो गेला आणि त्याची काळी ट्रंक माझ्याकडे आली. लहानपणी सुट्टीवर आला की ती उघडून दाखवायचा, पण हात लावू द्यायचा नाही. आता ट्रंक समोर आहे, हात लावायला कुणी अडवत नाही, आणि मला हात लावायची भीती वाटतेय.

आत काय आहे ते सांगते.

एक खाकी जॅकेट. छातीवरचे दोन खिसे तिरके, फुगीर. कॉलरखाली मधोमध एक लहानसा उभा खिसा, त्याला दोन्ही बाजूंनी चेन. कमरेला त्याच कापडाचा पट्टा. दोन्ही कोपरांवर वेगळ्या, जाड, हिरवट कॅनव्हासची ठिगळं. डाव्या बाहीवर गरुडाचा बिल्ला शिवलेला: काळी ढाल, पांढऱ्या डोक्याचा ओरडणारा गरुड, वर 'एअरबोर्न' लिहिलेली कमान. मी वाचलं त्यावरून हा अमेरिकेच्या १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनचा, म्हणजे विमानातून पॅराशूटने उतरणाऱ्या सैन्याचा.

सुटे बिल्ले चार. एक तसाच गरुड, पण कमान वेगळी, दोऱ्याने नुसती टाचलेली. एक लाल चौकोनात निळं वर्तुळ आणि त्यात 'एए'. एक मरून रंगावर फिकट निळा, पंखांच्या घोड्यावर बसलेला भालाइत, खाली 'इंडिया' अशी अक्षरं. आणि चौथा जो मला कुठेच सापडत नाही. त्याच्या कागदावर मामाच्या अक्षरात फक्त '२१ एअरबोर्न' आहे.

सोबत मामाची शंभर पानी वही. त्यात जॅकेटबद्दल दोन ओळी: 'बाल्टिमोर, ७८. जॅकेट. म्हाताऱ्या बाईंनी दिलं. नवऱ्याचं नाही, भावाचं.' बस, एवढंच.

माझा विचार असा होता की आधी जॅकेट थंड पाण्यात हलक्या साबणाने धुवावं, कारण त्याला कुबट वास आहे आणि हाताला थोडं मेणचट लागतं. मग बाहीवरचा बिल्ला उसवून त्याची उलटी बाजू बघावी, कारण सगळे म्हणतात की खरं-खोटं उलट्या बाजूला कळतं. करू का? मामाने फसवणुकीचा माल जपून ठेवला असेल तर तेही मला कळायला हवं. त्याने खरी वस्तू जपली असेल तर माझ्या हातून तिचं वाटोळं व्हायला नको.

---

गरुड१०१

धुवायच्या आधी थांबा, जाणकार येतील. मी एवढंच सांगू शकतो की अमेरिकेच्या दुसऱ्या महायुद्धातल्या एअरबोर्न डिव्हिजन पाच: ११, १३, १७, ८२ आणि १०१. अकरावीचा आकडाच बिल्ल्यावर आहे, त्याला पंख. तेरावीचा सोनेरी उडता युनिकॉर्न (एकशिंगी घोडा). सतरावीचा काळ्यावर सोनेरी नखांचा पंजा. ८२ म्हणजे तुमचा 'एए', 'ऑल अमेरिकन'. पहिल्या महायुद्धात या डिव्हिजनमध्ये अमेरिकेच्या सगळ्या राज्यांतले लोक होते म्हणून ते नाव. १०१ म्हणजे गरुड.

२१वी एअरबोर्न डिव्हिजन कधी लढलेलीच नाही. तेव्हा तो बिल्ला बनावट समजा. दुर्दैवाने बाकीच्या मालाबद्दलही मग शंका येते.

---

सुईदोरा

मी बिल्ले गोळा करत नाही. मी भरतकामाच्या मशीनवर एकोणीस वर्षं काम केलंय, आधी जुन्या शिफ्लीवर, मग संगणकी मशीनवर. त्यामुळे लढाया राहू देत, दोऱ्याबद्दल सांगते.

शिफ्ली म्हणजे स्विस बोलीत छोटी होडी. मशीनमागे होडीच्या आकाराचे धोटे असतात, त्यांतून मागचा दोरा येतो आणि पुढून सुईचा. लांबच्या लांब कापड ताणून शेकडो सुया एकाच वेळी तोच बिल्ला भरत जातात. एक रंग सगळीकडे संपला की दुसरा. अशा कापडातून बिल्ले नंतर कापून काढतात. म्हणून त्या काळच्या अमेरिकन बिल्ल्याची कड 'कापलेली' असते: भरतकाम संपतं तिथे थोडी कापडाची किनार, कधी एका बाजूला जास्त, कधी एखादा तंतू बाहेर आलेला. कात्री माणसाच्या हातात होती ते दिसतं.

आता तुमच्याकडच्या कुठल्याही शाळेच्या नाहीतर क्लबच्या नव्या बिल्ल्याची कड बघा. गोल, फुगीर, गोफ विणल्यासारखी. ती मेरो मशीनची. अशी कड लष्करी बिल्ल्यांवर सर्रास दिसू लागली ती साठच्या दशकापासून. १९४४ च्या अमेरिकन बिल्ल्याला ती नसते.

दुसरं, उलटी बाजू. सुटे बिल्ले तुम्ही उलटे करू शकता, त्यासाठी काही उसवायला नको. मागचा दोरा पांढरा असेल किंवा ऑलिव्ह हिरवट. दोन्ही त्या काळात चालायचे. बघायचं ते असं: एका रंगाकडून दुसऱ्या रंगाकडे जाताना मागे दोरा उडी मारतो का, गाठी, तुटकी टोकं आहेत का. संगणकी मशीनची उलटी बाजू डोळ्याला फार शिस्तीची वाटते, टाक्यांची लांबी एकसारखी, उड्या एकाच ठिकाणी कापलेल्या. आणि मागे प्लॅस्टिकचा पातळ थर किंवा इस्त्रीने चिकटवायचा गोंद असेल तर पुढे बघायलाच नको.

तिसरं, दोरा सुती आहे का. लोक जाळून बघा म्हणतात: सुताची राख होते, जळत्या कागदाचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून मणी होतो. ते खरं आहे, पण मामाच्या बिल्ल्याचा एक तंतूही जाळू नका. अतिनील दिवा मिळतो, अंधारात तो धरा. बिनधुतलं जुनं सूत मंद राहतं, आजचे पांढरेशुभ्र कृत्रिम दोरे निळसर पेटल्यासारखे दिसतात. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. युद्धानंतरच्या साबणांच्या पावडरीत कापड पांढरं भासवणारी द्रव्यं आली. जुनं अस्सल सूत अशा पावडरीत एकदा जरी धुतलं तरी ते चमकतं. म्हणजे चमकलं की खोटं, असं नाही. आणि जॅकेट आत्ता धुतलंत तर ही तपासणी कायमची गेली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

---

खाकीधागा

ताई, धुऊ नका आणि उसवू नका. सुईदोरा यांनी धुण्याबद्दल सांगितलं, मी उसवण्याबद्दल सांगतो, कारण ती चूक माझ्या हातून झाली आहे.

पंचवीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक लोकरी आखूड जॅकेट आलं, ज्याला आयझेनहॉवर जॅकेट म्हणतात ते. डाव्या खांद्यावर १७व्या एअरबोर्नचा सोनेरी पंजा. ही डिव्हिजन २४ मार्च १९४५ ला ऱ्हाईन नदीपलीकडे उतरली आणि सप्टेंबर १९४५ मध्ये बरखास्तही झाली. मला बिल्ल्याची पाठ बघायची घाई झाली. ब्लेडने टाके कापले. पाठ हिरवी, दोरा सुती, बिल्ला अस्सल. मी खूश. दोन वर्षांनी त्या सैनिकाच्या पुतण्याशी पत्रव्यवहार झाला. त्याने विचारलं, काकांच्या फोटोत खांद्यावर दिसतो तो बिल्ला हाच का? मला उत्तर देता आलं नाही. बिल्ला खरा होता, जॅकेट खरं होतं, पण तो त्याच जॅकेटवर त्या काळी शिवलेला होता याचा पुरावा म्हणजे ते टाके होते, आणि ते मी केराच्या डब्यात टाकले होते. तेव्हापासून शिवलेला बिल्ला मी उसवलेला नाही.

आता तुमचं जॅकेट. तुम्ही वर्णन केलंय ते अमेरिकन पॅराट्रूपरचं एम-१९४२ जंप जॅकेट. नियमित पायदळाच्या कपड्यांपेक्षा वेगळं, मुद्दाम उडी मारणाऱ्यांसाठी. विल्यम यारबरो या अधिकाऱ्याने त्याची रचना केली. १९४१ मध्ये अमेरिकन पॅराट्रूपरच्या छातीवरचे चांदीचे पंखही त्यांनीच रेखाटले. खिसे तिरके अशासाठी की छातीवर पॅराशूटचे पट्टे आवळलेले असतानाही हात आत जावा. कॉलरखालचा दुहेरी चेनचा खिसा चाकूचा. झाडात अडकलात, एक हात जायबंदी झाला, तर उरलेल्या कोणत्याही हाताने चाकू काढून दोर कापता यावेत म्हणून दोन्ही बाजूंनी चेन. हे मला आजही हलवून सोडतं. शिंप्याने कुणाचा तरी मोडलेला हात आधीच मनात धरून तो खिसा शिवला आहे.

कोपरांवरची कॅनव्हासची ठिगळं फार महत्त्वाची. मूळ जॅकेट पातळ पडतं, कोपर-गुडघे फाटतात हे अनुभवाने कळल्यावर नॉर्मंडीच्या (फ्रान्स, जून १९४४) उडीआधी पॅराशूट दुरुस्त करणाऱ्या रिगरांनी आपल्या मशीनवर ही ठिगळं चढवली. कारखान्याची नव्हेत. त्यामुळे दोन कोपरांची ठिगळं तंतोतंत सारखी नसतात. तुमची मोजून बघा. हाताला मेणचट लागतं म्हणालात, तेही मला आशादायक वाटतं: नॉर्मंडीला जाणाऱ्यांचे कपडे विषारी वायूपासून बचावासाठी एका रसायनात बुडवले होते, त्याने कापड चिकट, कडक आणि दुर्गंधीचं होई. सैनिकांनी त्याला शिव्या घातल्या आहेत. पण मेणचटपणा ट्रंकेतल्या दमटपणाचाही असू शकतो, म्हणून यावर एकट्यावर भरवसा ठेवू नका. १७ सप्टेंबर १९४४ ला हॉलंडमध्ये उतरताना बहुतेकांना नवा हिरवा एम-१९४३ गणवेश मिळाला होता. म्हणजे एम-१९४२ चा मुख्य काळ १९४३ मधलं इटलीतलं सिसिली आणि सालेर्नो, मग नॉर्मंडी.

बघायच्या गोष्टी:

चेनची पट्टी. धातूचे दात, आणि ओढायच्या टोकावर 'टॅलन', 'क्राउन' किंवा 'कॉनमार' असं नाव मिळालं तर उत्तम. नायलॉनची चेन किंवा 'वायकेके' दिसलं तर चेन नंतरची. मग शिवण बघा, चेन बदललीय की जॅकेटच नवं आहे.

आतलं लेबल. सुती तुकडा असतो, त्यावर वस्तूचं नाव, मोजमाप, कारखाना, कंत्राटाचा क्रमांक आणि तारीख, आणि बहुधा फिलाडेल्फिया क्वार्टरमास्टर डेपोचा उल्लेख. पुसट असेल तर टॉर्च समोरून मारू नका, कापडाला जवळजवळ समांतर धरा. नवीन नकलांमध्ये लेबल छान वाचता येतं आणि कापडाइतकं थकलेलं नसतं.

धोब्याची खूण. कॉलरच्या आत किंवा कमरेजवळ काळ्या शाईने एक अक्षर आणि चार आकडे. आडनावाचं पहिलं अक्षर आणि सैनिक क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. मिळाली तर कृपया इथे लिहू नका. त्याची माणसं अजून असतील.

बाहीवरचा बिल्ला. उसवायचा नाही. भिंगाने कड बघा, सुईदोरा यांनी सांगितलं तशी. टाके हाताचे की मशीनचे, दोऱ्याचा रंग कापडासारखा थकलेला की ताजा. आणि बिल्ल्याच्या बाहेर एक-दीड इंच कापड चौफेर बघा, तिरक्या उजेडात. आधी दुसरं काही शिवलेलं असेल तर सुईची भोकं राहतात आणि झाकलेलं कापड कमी विटतं. उजव्या बाहीवरही बघा. ८२वीच्या बऱ्याच जणांनी आणि १०१च्या काहींनी तिथे अमेरिकन झेंडा लावला होता.

गरुड१०१, तुमची यादी बरोबर आहे, पण निष्कर्ष घाईचा आहे. २१वी लढली नाही कारण ती नव्हतीच. जर्मनांना दोस्तांचं सैन्य आहे त्यापेक्षा मोठं वाटावं म्हणून कागदावर डिव्हिजन उभ्या केल्या होत्या, आणि अशा पाच एअरबोर्न डिव्हिजनचे बिल्ले खरोखर तयार केले गेले: ६, ९, १८, २१, १३५. (ब्रिटिशांची सहावी एअरबोर्न वेगळी, ती सहा जूनला नॉर्मंडीत उतरली.) तेव्हा नसलेल्या डिव्हिजनचा खरा बिल्ला असू शकतो. मात्र हे बिल्ले संग्राहकांना इतके हवेसे वाटले की नंतर त्यांच्या नकलाही भरपूर निघाल्या. कड आणि पाठ बघितल्याशिवाय काहीच म्हणता येणार नाही.

आणि मामांची वही जपा. १९७८ ची, हाताने लिहिलेली नोंद आहे. तेव्हाही सिनेमांसाठी नकली गणवेश शिवले जायचे, पण घाऊक नकलांचा पूर बराच नंतर आला. 'नवऱ्याचं नाही, भावाचं' हे त्यांनी लिहून ठेवलं, म्हणजे त्यांनी त्या बाईंना विचारलं होतं.

---

गरुड१०१

खाकीधागा काका, ही नसलेल्या डिव्हिजनची गोष्ट मला माहीत नव्हती. ताई, मी घाईने लिहिलं, माफ करा.

---

ट्रंकवाली

तीन रात्री भिंग आणि टॉर्च घेऊन बसले. जे दिसलं ते लिहिते.

२१ चा बिल्ला: कड कापलेली, एका कोपऱ्यात तिरकी. मागे हिरवट दोरा, दोन ठिकाणी गाठ. अतिनील दिव्यात काळोखातच राहिला. सुटा गरुडही तसाच, फक्त त्याची पाठ पांढरी.

'एए' चमकला. समोरून थोडा, मागून बराच. पण कड कापलेली आहे. धुतला गेला असेल का?

जॅकेट: मोठ्या चेनवर 'टॅलन'. लेबल समोरून कोरं वाटत होतं, टॉर्च आडवा धरल्यावर 'पॅराशूट जंपर' इतकं लागलं, खाली '४२' असे दोन आकडे. कोपरांची ठिगळं सारखी नाहीत. डावं उजव्यापेक्षा बोटभर लांब आहे आणि त्याची एक बाजू दोनदा शिवली आहे. कॉलरच्या आत एक अक्षर आणि चार आकडे आहेत. लिहीत नाही.

आता बाहीवरचा गरुड. याने माझा जीव घाबरा झाला. त्याची कड गोफासारखी आहे. सुईदोरा ताई, अगदी तुम्ही लिहिलीत तशी, गोल आणि फुगीर, एका जागी दोऱ्याचं शेपूट मागे दुमडलेलं. शिवलाय पांढऱ्या चकचकीत दोऱ्याने. दिव्यात दोरा पेटला.

मी दोन तास काही केलं नाही. मग काकांनी सांगितलं होतं म्हणून आजूबाजूचं कापड बघितलं. ढाल खाली निमुळती होते ना, तिथे दोन्ही बाजूंना कापड उघडं पडतं. तिथे गडद खाकी आहे, बाहीपेक्षा एक छटा गडद, आणि तिला काटकोन आहे. दोन्ही बाजूंना एकेक. काटकोनाच्या रेषेवर सुईची भोकं, जवळजवळ, बारीक. वर कमानीच्या टोकांपाशीही भोकं आहेत, पण ती या कमानीच्या टाक्यांशी जुळत नाहीत.

ढालीखाली चौकोन आहे. म्हणजे 'एए'?

उजव्या बाहीवर काही सापडलं नाही.

---

सुईदोरा

'एए' धुतला गेला असेल, होय. समोरून कमी आणि मागून जास्त चमकला, म्हणजे कुणीतरी सुटा बिल्ला उलटा ठेवून साबण लावला असेल. किंवा मागचा दोराच वेगळा असेल. मागच्या दोऱ्याचं एखादं सुटं टोक भिंगाखाली बघा. सुताचे तंतू पिळदार, लव असलेले आणि मंद दिसतात. पॉलिएस्टर गुळगुळीत काचेसारखा दिसतो. तोडू नका, नुसतं बघा.

बाहीवरच्या पांढऱ्या दोऱ्याचं ऐकून मला वाटतं तो बिल्ला कुणीतरी घरी, मशीनशिवाय शिवलाय. टाके किती लांब आहेत?

---

खाकीधागा

ताई, जीव घाबरा करून घेऊ नका. तुम्ही वर्णन केलंत ते जॅकेट मला अस्सल वाटतं, आणि ते ८२व्या एअरबोर्नच्या माणसाचं असण्याची शक्यता मोठी. काटकोन, वर कमानीची वेगळी भोकं, झाकलेलं गडद कापड. हे तिन्ही एकत्र नकली करणं फार कष्टाचं आहे, आणि कुणी ते केलंच असतं तर वर १०१चा साठनंतरचा बिल्ला शिवून झाकलं नसतं.

असं का झालं असेल? गरुड लोकांना जास्त ठाऊक आहे. बाईंनी जॅकेट देण्याआधी, किंवा त्याच्याही आधी घरातल्या मुलाने, बाहीवर मोकळी जागा दिसली म्हणून मिळाला तो एअरबोर्नचा बिल्ला लावला असेल. दोन्ही डिव्हिजनचा उगम एकाच ठिकाणचा आहे: ऑगस्ट १९४२ मध्ये लुईझियानातल्या कॅम्प क्लेबोर्नला ८२ची एअरबोर्न झाली आणि तिचीच माणसं वाटून घेऊन लगेच १०१ उभी राहिली. पण बाहीवर ८२ म्हणजे ८२.

एक काम करा. काटकोनांमधलं अंतर भोकांपासून भोकांपर्यंत मोजा, आणि सुट्या 'एए' ची रुंदी मोजा. जुळली तरी तो तिथे शिवू नका.

---

निळाघोडा

मध्येच येतो, तिसऱ्या बिल्ल्यासाठी. पंखांचा घोडा म्हणजे पेगॅसस आणि त्यावर बेलेरोफॉन, ब्रिटिश एअरबोर्न सैन्याची खूण. रेखाटन चित्रकार एडवर्ड सीगो यांचं. खाली 'इंडिया' असलेला म्हणजे ४४व्या इंडियन एअरबोर्न डिव्हिजनचा. ही डिव्हिजन १९४४ मध्ये उभी राहिली; तिची ५०वी पॅराशूट ब्रिगेड मात्र जुनी, ऑक्टोबर १९४१ मध्ये दिल्लीत उभारलेली, आणि तिने मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला जपान्यांना सहा दिवस अडवून धरलं.

तुमचा भरलेला आहे की छापलेला? युद्धात ब्रिटिशांनी बरेच बिल्ले सुती कापडावर छापले. छापलेला बिल्ला हलका, स्वस्त आणि नकली वाटतो, पण तो अस्सल असतो. भरलेला असेल तर पायाचं कापड लोकरी बनात आहे का, आणि घोड्याचे पाय एकसारखे आहेत का ते कळवा. हाताने चालवलेल्या मशीनवर भरलेल्या बिल्ल्यांत प्रत्येक घोडा वेगळा निघतो. लोकर असेल तर कसर बघा आधी. एक अळी चारही बिल्ले संपवील.

---

ट्रंकवाली

छापलेला आहे. मी त्याला सगळ्यात शेवटी बघितलं कारण तो मला खेळण्यातला वाटला होता. मामाच्या कागदावर त्याच्याबद्दल 'लिव्हरपूल. हा विकायचा नाही' असं आहे. बाकी कशावरच त्याने असं लिहिलेलं नाही. आता कळलं का ते.

सुईदोरा ताई, बाहीवरचे टाके हाताचे आहेत, लांब, एक सेंटीमीटरला एखादा. 'एए' चा मागचा दोरा भिंगाखाली लव असलेला दिसतो.

मोजमाप: काटकोनांमध्ये सत्तावन्न मिलिमीटर. सुटा 'एए' त्रेसष्ट. जुळत नाही. म्हणजे मामाचा 'एए' दुसऱ्याच कुणाचा, आणि या भावाचा स्वतःचा बिल्ला बाल्टिमोरला पोचायच्या आधीच कुठेतरी गेला.

उसवला नाही. उसवणार नाही.

---

खाकीधागा

छान केलंत, मोजलंत. भोकांची मापं, गडद कापडाचा आकार, लेबल, चेन, दोन्ही कोपरं, सगळ्याचे फोटो काढा, बाजूला पट्टी ठेवून. बाहीवरच्या गरुडाचाही काढा. तो नंतरचा असला तरी त्या जॅकेटच्या आयुष्यात आता तोही आहे.

जॅकेट हँगरला टांगू नका, खांद्याची शिवण ताणते. आडवं ठेवा, बाह्यांत आम्लविरहित पातळ कागदाच्या गुंडाळ्या भरा, घड्या पडतील तिथेही. प्लॅस्टिकची पिशवी नको, दमट धरते. वास जायला सावलीत, वारा असलेल्या खोलीत पांढऱ्या चादरीवर दोन-तीन दिवस पसरून ठेवा. ऊन नको. बिल्ले प्रत्येकी वेगळ्या कागदात, मामांच्या चिठ्ठ्यांसह, पण चिठ्ठी आणि बिल्ला यांच्यामध्ये एक कागद घाला, शाई उतरते.

अक्षर आणि चार आकड्यांवरून माणूस शोधता येतो का हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. पूर्ण क्रमांक आठ आकडी असायचा. पहिला ३ असेल तर सक्तीने भरती, १ असेल तर स्वखुशीने. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात भरतीच्या नोंदी क्रमांकानुसार शोधता येतात. सेंट लुईसच्या अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ ला आग लागली आणि त्या काळच्या लष्करी सैनिकांच्या बहुतेक फायली जळाल्या, पण भरतीची यादी वेगळी होती, ती बरीचशी उरली. आडनावाचं पहिलं अक्षर, शेवटचे चार आकडे, आणि बाल्टिमोरला बहीण. शोध लांबेल, पण सुरुवात करायला एवढं पुरे. मला खाजगी निरोप पाठवा, यादी कशी चाळायची ते दाखवतो.

---

ट्रंकवाली

निरोप पाठवला आहे. वहीत आणखी एक ओळ सापडली, मागच्या पुठ्ठ्यावर, पेन्सिलने. 'बाईंचं नाव विचारायचं राहिलं.'